ते क्वार्टर, ती क्वार्टर, तो क्वार्टर

इंग्रज गेले, पण त्यांचे कितीतरी शब्द आपल्या चाळीत आणि वसाहतीत कायमचे मुक्कामाला राहिले. ड्युटी, पास, बिल, रजिस्टर, पेन्शन हे शब्द आता कोणाला परके वाटत नाहीत. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ते बिनचूक वापरते. अशाच शब्दांपैकी एक शब्द आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो शब्द आहे 'क्वार्टर'.

कामगारांच्या कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी कान देऊन ऐकावे. नळावर एक बाई दुसरीला विचारते, "काय गं, तुमच्या पोराला क्वार्टर मिळालं का?" दोन घरे सोडून तिसऱ्या घरात कोणी माउली कपाळावर हात मारून म्हणते, "आमचे हे आज परत क्वार्टर मारून आले." आणि पोस्टातून पासबुक भरून आणलेले निवृत्त काका ओट्यावर बसून सांगत असतात, "या क्वार्टरचं व्याज जमा झालं बरं का." शब्द एकच, पण एक घर आहे, एक बाटली आहे आणि एक तीन महिन्यांचा हिशेब आहे. मराठी माणसाची गंमत अशी की त्याने या तिन्हींना तीन लिंगेही देऊन टाकली. राहायचे ते क्वार्टर, प्यायची ती क्वार्टर आणि व्याजाचा तो क्वार्टर!

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु आमचे गेल्या अनेक वर्षांचे निरीक्षण असे आहे की, नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबाचे पुढे काय होणार, हे या तीन क्वार्टरांच्या आपसातील झगड्यावर ठरते. म्हणून हा शब्द जरा उलगडून पाहू.

मूळ अर्थ : पाव

क्वार्टर म्हणजे चौथा हिस्सा. लॅटिन भाषेत 'क्वार्टस' म्हणजे चौथा. तेथून तो शब्द फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपल्याकडे यालाच पाव म्हणतात. जुन्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी घोकली. पाव शेर दूध आणले. चार आण्यांच्या नाण्याला पावली म्हटले, कारण रुपयाचे आणे सोळा आणि चार आणे म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. (खायचा पाव मात्र वेगळा. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा चौथ्या हिश्शाशी काही संबंध नाही.) घड्याळातही इंग्रज जेथे 'क्वार्टर पास्ट सेव्हन' म्हणतो तेथे आपण एका शब्दात सव्वासात म्हणतो आणि पंधरा मिनिटे कमी असली तर पावणेसात.

पावलीच्या जागी पंचवीस पैशांचे नाणे आले आणि ३० जून २०११ पासून तेही चलनातून बाद झाले. अमेरिकेत मात्र डॉलरचा चौथा हिस्सा असलेले पंचवीस सेंटचे नाणे आजही चालते आणि त्याचे नावच 'क्वार्टर' आहे. २०२२ साली या नाण्यावर कवयित्री माया अँजेलो यांची प्रतिमा आली. अमेरिकेच्या क्वार्टरवर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ज्या समाजाला तेथे गुलाम म्हणून विकले गेले, त्या समाजाची लेक नाण्यावर आली, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

आमच्या साप्ताहिकासारख्या छोट्या पत्रांतही क्वार्टर आहे. जयंतीच्या शुभेच्छांची 'क्वार्टर पान' जाहिरात म्हणजे पाव पान. शिंप्याकडे थ्री-क्वार्टर बाही म्हणजे पाऊण बाही. कबड्डीच्या सामन्यात आठ संघ उरले की क्वार्टर फायनल, ज्याला वर्तमानपत्रे उपांत्यपूर्व फेरी म्हणतात. या सगळ्यांत चारचा हिशेब सरळ आहे. मग पावाचे घर कसे झाले?

छावणीतून वसाहतीत

इंग्रजीत क्वार्टरचा आणखी एक अर्थ आहे तो दिशा. चार दिशा म्हणजे जगाचे चार हिस्से. त्यावरून शहराच्या एका भागाला, मोहल्ल्याला क्वार्टर म्हणू लागले. सैनिकांची ज्या भागात राहण्याची सोय केली जाई ती त्यांची क्वार्टर्स झाली. म्हणजे हा शब्द घर या अर्थाने जन्मला तो मालकाच्या घरासाठी नव्हे, तर नोकरीपुरत्या मुक्कामासाठी. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फौजेत हा शब्द अजून जागोजाग सापडतो. राहण्याची, कपड्यांची, शिध्याची व्यवस्था पाहतो तो क्वार्टर मास्टर. पलटणीच्या ठाण्यावर पहारा असतो तो क्वार्टर गार्ड. आपल्या समाजातील माजी सैनिकांना हे शब्द तोंडपाठ आहेत. मुख्य ठाणे ते हेडक्वार्टर, म्हणजे सरकारी मराठीत मुख्यालय. आम्ही कारकून मंडळी रजेच्या अर्जात "मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी" असे लिहितो, ते हेच. लढाईत शरण आलेल्याला जीवदान देणे यालाही इंग्रजीत 'क्वार्टर देणे' म्हणतात. कोणालाही जीवदान देणार नाही, अशी घोषणा करण्यास १९०७ च्या हेग कराराने मनाई केली.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी झाला तो महूच्या लष्करी छावणीत. सुभेदार रामजी सकपाळ फौजेत होते म्हणून कुटुंब तेथे होते. सुभेदार निवृत्त झाले आणि महू सुटले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षे काढली आणि १९३० च्या दशकात दादरला राजगृह उभे केले. छावणीतला मुक्काम, चाळीतली खोली आणि शेवटी स्वतःच्या नावाचे घर. आपल्या हजारो कुटुंबांना हाच रस्ता चालायचा आहे. अनेकांचा तो मधेच अडतो, म्हणून तर हा लेख.

ते क्वार्टर : नोकरी आहे तोवर

भुसावळ, मनमाड, दौंड, कल्याण, नागपूरची अजनी येथल्या रेल्वे वसाहती, अंबरनाथ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यांच्या वसाहती, पोलीस लाईन, नगरपालिकांच्या सफाई कामगारांच्या चाळी. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे येथे वाढली. गावात वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा पक्की भिंत, वीज आणि नळ मिळाला तो क्वार्टरमध्येच. शेजारी कोणत्या जातीचा असावा हे तेथे गावचा पाटील ठरवत नव्हता, वाटपाची यादी ठरवत होती. तेथल्या विहारांत वंदना झाल्या, तेथल्या अभ्यासिकांत मुले शिकली. क्वार्टरचे हे उपकार कोणी नाकारू नये.

पण क्वार्टर फुकट असते, हा समज मनातून काढून टाकावा. जो क्वार्टरमध्ये राहतो त्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा मुंबई-पुण्यासारख्या एक्स वर्गातील शहरांचा हा भत्ता जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या ३० टक्के झाला. मूळ पगार ३०,००० असेल तर महिना ९,००० आणि वर्षाचे १,०८,०००. एवढी रक्कम आपण दरवर्षी क्वार्टरपायी सोडतो. शहरात भाड्याने राहायचे तर यापेक्षा जास्त जाईल, म्हणून क्वार्टर घेणे शहाणपणाचेच. परंतु जे भाडे वाचले ते गेले कोठे, याचा हिशेब किती घरांत ठेवला जातो?

आणि मग निवृत्तीचा दिवस येतो. हार, नारळ, भाषणे, फोटो होतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर चार महिने नेहमीच्या भाड्याने राहता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण असेल तर परवानगीने आणखी चार महिने, पण दुप्पट भाड्याने. त्यानंतर डॅमेज रेंट, म्हणजे दंडाचे भाडे लागते आणि क्वार्टर खाली केल्याशिवाय ग्रॅच्युइटी सुटत नाही. ज्या पैशातून घर घ्यायचे तो पैसा घर नाही म्हणून अडकतो! असे काका आम्ही एकाहून अधिक पाहिले आहेत. तीस-पस्तीस वर्षे एका छताखाली काढलेली, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो लावलेली खोली. आणि एक दिवस सामान टेम्पोत भरून लांबच्या उपनगरात भाड्याची खोली शोधायची. साठाव्या वर्षी घरमालकाला अनामत रक्कम द्यायची आणि "तुमचे आडनाव काय?" या प्रश्नाला तोंड द्यायचे.

सफाई कामगारांची गोष्ट याहून कठीण आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क लढून मिळालेला आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण हातात पदवी असलेला मुलगा वडिलांच्या जागी झाडू धरतो, तेव्हा त्याला कारण विचारा. पुष्कळदा उत्तर मिळते, "खोली जाईल ना!" नोकरी गेली तर क्वार्टर जाते, म्हणून क्वार्टरसाठी तीच नोकरी. अशा रीतीने एक खोली पिढ्यान्‌पिढ्या माणसाला त्याच कामाला बांधून ठेवते. सफाई कामगारांना मालकीचे घर देण्यासाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. आपल्या नगरपालिकेत तिची अंमलबजावणी कोठवर आली, हे युनियनच्या प्रत्येक सभेत विचारले गेले पाहिजे.

आणि ज्यांना क्वार्टरच नाही त्यांचे काय? आज झाडूखाते असो की रेल्वेचे फलाट, बरेच काम ठेकेदाराकडे गेले आहे. ठेक्यावरच्या कामगाराला ना क्वार्टर, ना घरभाडे भत्ता. काम तेच, घाम तोच, पण छत ज्याचे त्याने शोधायचे.

ती क्वार्टर : १८० मिलिलिटरचा हिशेब

आता दुसरीकडे वळू. बाटलीची क्वार्टर १८० मिलिलिटरची. पूर्ण बाटली, जिला पिणारे खंबा म्हणतात, ती ७५० मिलिलिटरची. चार क्वार्टर जोडल्या तर ७२० होतात, म्हणजे पूर्ण बाटलीला ३० कमीच. ज्या मालाच्या नावातच पाव आहे तो मोजून पाहिला तर पावसुद्धा भरत नाही! इंग्लिश दारूच्या बाटलीवर '२५ यू.पी.' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ठराविक प्रमाणापेक्षा २५ अंशांनी सौम्य, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल. अशा एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल माणसाच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. हातभट्टीची तर गोष्टच सोडा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती सगळी कष्टकऱ्यांच्या घरांतली होती.

पिणारा म्हणतो, "दिवसभर घाणीत, धुरात, उन्हात राबतो. एक क्वार्टर घेतली तर काय बिघडले?" त्याचा थकवा खोटा नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाला दारूशिवाय तो वास सहन होत नाही, हे आम्ही त्याच्याच तोंडून ऐकले आहे. अशा कामाला यंत्र द्यायचे सोडून त्याला दारूच्या भरवशावर ठेवणारी व्यवस्था दोषी आहेच. तरीही त्याच्या घरचा हिशेब त्यामुळे बदलत नाही.

तो हिशेब मांडून पाहू. समजा क्वार्टर, सोबतचा चकणा आणि कधी मित्राला पाजलेली धरून रोजचे सरासरी १०० रुपये गेले. महिन्याचे ३,०००, तीन महिन्यांचे ९,००० आणि वर्षाचे ३६,०००. नोकरीची पंचवीस वर्षे धरली तर व्याज न धरता ९ लाख रुपये. लांबच्या उपनगरातल्या एका खोलीची पहिली रक्कम यातून उभी राहिली असती. तेव्हा स्पष्टच बोलायचे तर ती क्वार्टर दर संध्याकाळी आपल्या उद्याच्या घराची एकेक वीट काढून नेते.

पैशांपलीकडचे नुकसान कोणत्याही वहीत मांडता येत नाही. बापाची चाहूल लागताच पुस्तक मिटून पांघरुणात शिरणारे मूल आणि शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून रेडिओ मोठा करणारी बाई, यांची किंमत कोण करणार?

बायांच्या हाती मात्र एक हत्यार आहे. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातील किंवा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची सोय झाली. त्या आदेशात मतदानाच्या मागणीसाठी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांची अट होती. पंचवीस टक्के म्हणजे पाव. म्हणजे येथेही क्वार्टरच आहे! निम्म्याहून अधिक महिलांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला की दुकान बंद. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायांनी अशी बाटली आडवी केली आहे. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात चौकशी करून घ्यावी. आणि या खात्यात एकटीने जाऊ नये, महिला मंडळाने मिळून जावे.

तो क्वार्टर : तीन महिन्यांची ताकद

वर्षाचे चार भाग केले की तीन महिन्यांचा एक भाग होतो. कचेरीत त्याला क्वार्टर म्हणतात, मराठीत तिमाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून पहिला क्वार्टर एप्रिल ते जून. टीडीएसची विवरणे तिमाहीची, बऱ्याच सोसायट्यांची देखभालीची बिले तिमाहीची. अल्पबचतीच्या योजनांचे व्याजदरही सरकार एप्रिल २०१६ पासून दर तिमाहीला ठरवते.

वाणिज्य शाखेत आम्ही जे शिकलो त्यातला सगळ्यांत उपयोगी धडा येथे सांगतो. बँकेत १०,००० रुपये ८ टक्के दराने वर्षभर ठेवले, तर सरळ व्याजाने १०,८०० होतील. पण व्याज दर तीन महिन्यांनी मुदलात मिळवले, तर पहिल्या क्वार्टरला १०,२००, दुसऱ्याला १०,४०४, तिसऱ्याला १०,६१२ आणि वर्षअखेर १०,८२४. जास्तीचे २४ रुपये कमी वाटतात. पण ते दरवर्षी वाढत जातात, कारण व्याजालाही व्याज मिळते.

आता हेच चाक उलटे फिरवून पाहा. गल्लीतला सावकार महिन्याला दहा टक्के घेतो. त्याच्याकडून १०,००० घेतले आणि काहीच फेडले नाही, व्याज मुदलात चढत गेले, तर पहिल्या क्वार्टरअखेर १३,३१० होतात आणि वर्षअखेर ३१,००० च्या वर. बँकेचा क्वार्टर आपल्याला २०० रुपये देतो, सावकाराचा क्वार्टर ३,३१० नेतो. त्यामुळे बचतीची सुरुवात पासबुकापासून करू नये, सावकाराच्या वहीतून नाव काढण्यापासून करावी. तोच पहिला नफा.

मागे सांगितलेले दारूचे महिना ३,००० रुपये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर काय होईल? ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेला ६.७ टक्के दर धरला, तर भरलेले १,८०,००० पाच वर्षांनी सुमारे २,१४,००० होतात. या खात्यावरचे व्याजही तिमाहीनेच मुदलात मिळते. महिना शंभर रुपयांपासूनही हे खाते चालते.

निवृत्तांसाठी पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचे व्याज दर तिमाहीला हातात येते. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या ८.२ टक्के दराने दहा लाखांवर दर क्वार्टरला २०,५०० रुपये होतात. ग्रॅच्युइटीचा सगळा पैसा एका लग्नाच्या मांडवात आणि बँडबाजात घालवणाऱ्या बंधूंनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

सिगालाला सांगितलेला चौथा हिस्सा

येथवर येऊन आम्हांला दीघ निकायातील सिगालोवाद सुत्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, एवढेच त्याला ठाऊक. भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. इंग्रजी भाषांतरकारांनी या दिशांसाठी जो शब्द वापरला तो 'क्वार्टर्स'!

गृहस्थांसाठी दिलेल्या या एकाच उपदेशात आपले तिन्ही क्वार्टर येऊन गेले आहेत. मालकाने कामगाराशी कसे वागावे हे तेथे आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच कलमांवर आजचा किती ठेकेदार उतरेल?

दारूचे सहा तोटे तेथे आहेत. धनाचा नाश, भांडणे, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता. यात पहिला तोटा परलोकाचा नाही, खिशाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि मिळकतीचे चार भाग करावेत हेही तेथेच आहे. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. चौथा भाग म्हणजेच क्वार्टर! पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात हात जोडून म्हणतो, त्याची जमाखर्चाची बाजू ही अशी आहे.

कोणी म्हणेल, बारा-पंधरा हजारांत चौघांचे पोट भरताना चौथा हिस्सा कोठून राखायचा? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला आम्ही उपदेश करणार नाही. ज्याला चौथा जमत नाही त्याने दहावा राखावा, तोही जमत नसेल तर विसावा. पण राखलेला हिस्सा आधी काढावा आणि मग खर्चाला हात घालावा. शेवटी उरेल ते राखू म्हटले, तर कोणाच्याच घरी काही उरत नाही.

एवढे करावे

जे बंधू-भगिनी आज क्वार्टरमध्ये राहतात त्यांनी वाटपाचे पत्र, भाडे कपातीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, वीज आणि पाण्याची बिले एका फाईलमध्ये ठेवावीत. क्वार्टर सोडताना ताबा दिल्याचा कागद आणि थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा. तोंडी "झालं, जा" यावर विसंबू नये, नाहीतर दोन वर्षांनी वसुलीचे पत्र येते. निवृत्तीच्या निदान दहा वर्षे आधी घराचा विचार सुरू करावा. मग ती म्हाडाची सोडत असो, कर्मचाऱ्यांची गृहनिर्माण संस्था असो, की गावाकडच्या जागेवर दोन खोल्या. घर पतिपत्नी दोघांच्या नावावर घ्यावे. सरकारी वहीत क्वार्टर एकाच्या नावावर असते, आपले घर तसे नसावे.

महिला मंडळांनी आणि बचत गटांनी दर तिमाहीला एकदा बसून आपल्या वसाहतीतला हिशेब करावा. या तीन महिन्यांत किती घरांत आवर्ती खाते उघडले, किती घरे सावकाराच्या वहीतून सुटली, निवृत्तीला आलेली मंडळी किती आणि त्यांपैकी स्वतःचे घर कितींचे. कोणाचे नाव घेऊन लाज आणू नये. नुसते आकडे फळ्यावर लिहावेत. पुढच्या तिमाहीत ते आकडे हलले, तर बैठक कारणी लागली असे समजावे.

नोकरीतले क्वार्टर मालकाचे असते आणि एक दिवस ते परत द्यावे लागते. बाटलीची क्वार्टर रिकामी झाली की भंगारात जाते. तीन महिन्यांचा क्वार्टर मात्र वर्षातून चार वेळा येतो. प्रत्येक घराने येत्या क्वार्टरपासून एक वही घालावी आणि तिच्या पहिल्या पानावर राखलेल्या हिश्शाची रक्कम लिहावी. ती शंभर रुपये असली तरी चालेल.